माझ्या पोटातली हवा

मित्रांनो, समुद्रात खोल उतरणाऱ्या माणसाच्या पाठीवर बसून मी त्याला श्वास पुरवते. मी एक जुनी हवेची टाकी आहे. माझ्या पोटात काय भरले आहे ते मला कळते, पण सांगता येत नाही. हेच माझे दुःख आहे.

दूरच्या एका कारखान्यात जाड धातू दाबून, ताणून मला घडवले आणि माझ्या गळ्यात झडप बसवली. जहाजाने मी फिलिपिन्समधल्या एका लहानशा बेटावर आले. तिथे लिबोरियो नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याची, नवशिक्यांना बुडी मारायला शिकवणारी शाळा होती. रोज सकाळी तो माझी झडप किंचित उघडायचा, हवा हुंगायचा, जिभेवर घ्यायचा आणि मला थोपटून म्हणायचा, "वास नाही, चव नाही. शहाणी माझी." याहून मोठी शाबासकी मला कधी मिळाली नाही. नवख्या माणसाला तो आधी कमरेइतक्या पाण्यात गुडघ्यांवर बसवून श्वास घ्यायला शिकवी. कुणी कुरकुर केली तर हसून म्हणे, "समुद्र काही पळून जात नाही, बाबा."

पुढे त्याचे गुडघे गेले. मुलगी त्याला शहरात घेऊन गेली आणि शाळा त्याचा पुतण्या जोमार याच्या हाती आली. जोमार गोड बोलणारा होता. त्याने दारावर रंगीत मासे रंगवून घेतले, पण माझी तपासणी बंद केली. माझ्या गळ्याशी मीठ साचू लागले. बेटावरची वीज सारखी जायची, म्हणून त्याने जनरेटर आणला आणि आम्हा टाक्यांमध्ये हवा भरणाऱ्या यंत्राशेजारीच ठेवला. सुरुवातीला त्याचा धूर वाऱ्यावर समुद्राकडे निघून जाई. मग ऋतू पालटला, वारा फिरला आणि धूर थेट यंत्राच्या नळीत शिरू लागला.

मित्रांनो, तो धूर माझ्या पोटात उतरला, त्या दिवसापासून मी धास्तावले. पाण्यातून वर आलेली माणसे कपाळ धरून बसत. जोमार म्हणे, "ऊन लागलं असेल. लिंबूपाणी घ्या."

अशात एका सकाळी फेलिसा नावाची शिवणकाम करणारी बाई आणि तिचा धाकटा भाऊ नेस्तोर आले. आई गेल्यावर फेलिसानेच त्याला वाढवले होते. त्याला मोठ्या जहाजावर नोकरी लागली होती आणि निघण्यापूर्वी चार दिवस दोघे मजा करायला आले होते. आधी ते पलीकडच्या तेरेसिताबाईंच्या शाळेत जाऊन आले होते. नेस्तोरचे नाक वाहताना पाहून बाईंनी सांगितले होते, "सर्दी जाऊ दे, मग ये. आणि पहिले दोन दिवस उथळ पाण्यातच."

"मी जहाजावर जाणारा माणूस, आणि मला उथळ पाणी!" नेस्तोर फणफणत होता.

जोमार लगेच म्हणाला, "इथं या ना. जेवायच्या आधी कासवं दाखवून आणतो."

फेलिसाला ते रुचले नाही. ती माझ्याजवळ आली, झडप उघडली आणि वाकून हुंगली. माझ्यात जीव असता तर मी तिचा हात धरला असता.

"जीपगाडीच्या मागं उभं राहिल्यासारखा वास येतोय," ती म्हणाली.

"रबराचा असतो तो, ताई."

"रबराचा वास मला कळतो."

नेस्तोर हसला. "हिचं असंच आहे. बाजारात प्रत्येक मासोळीत नाक खुपसते आणि मग कालचीच घरी आणते. चल ना ताई, पुन्हा कधी यायला मिळणार आहे मला?"

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले. "बरं," ती म्हणाली. तेवढ्या एका शब्दावर मला होडीत चढवले गेले.

फेलिसा होडीतच थांबली; मला पाठीवर घेऊन नेस्तोर जोमारबरोबर खाली उतरला आणि काही वेळ सारे ठीक वाटले. धुरातला विषारी वायू खोल पाण्यात दबा धरून बसतो आणि माणूस वर येऊ लागला की घात करतो. नेस्तोरने कासव पाहिले, हात हलवले. माझ्यातला प्रत्येक श्वास तो आनंदाने ओढत होता आणि मी देत होते, कारण देण्यावाचून मला दुसरे काही येत नाही. मग ते वर निघाले. निम्म्या वाटेवर त्याचे हात गळून पडले. श्वासाची नळी तोंडातून सुटली. शेजारच्या जोमारने तशीच हवा ओढली होती. त्यालाही भोवळ येत होती. त्याच्या हातून नेस्तोर निसटला.

होडीवरून फेलिसाची हाक तेवढी ऐकू आली.

जवळच आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आलेल्या तेरेसिताबाईंनी उडी टाकली. त्यांनी नेस्तोरला वर काढले, प्राणवायू लावला. त्याचे ओठ विचित्र लालभडक झाले होते. बाईंनी माझी झडप उघडून हुंगली आणि तोंड फिरवले.

"मला वास आला होता," फेलिसा म्हणाली. "मला आला होता, बाई."

बाईंनी तिचा हात घट्ट धरला.

नेस्तोर वाचला. शाळेला कुलूप लागले, जोमार बेट सोडून गेला आणि मी अंगणात पडून राहिले. काही महिन्यांनी बहीणभाऊ तेरेसिताबाईंचे आभार मानायला आले, तेव्हा जाता जाता माझ्याजवळ थांबले. नेस्तोर जहाजावर गेलाच नव्हता. तो सावकाश चालत होता आणि फेलिसा त्याच्या शर्टाची गुंडी लावत होती.

त्याने समुद्राकडे पाहून विचारले, "ताई, मग बुडी शिकायला कुठल्या शाळेत जायचं आपण?"

"ठरवू या, बाळा," ती म्हणाली.

थोडे पुढे गेल्यावर त्याने पुन्हा तेच विचारले. तिने पुन्हा तेच उत्तर दिले, तितक्याच मायेने.

त्यानंतर एका माणसाने मला उचलून नेले. शेवटची तपासणी कधी झाली ते सांगणारी गळ्यावरची जुनी खूण घासून काढली आणि मला पिवळाधमक रंग दिला. आता मी दुसऱ्याच बेटावर, दुसऱ्याच शाळेच्या दारात उभी आहे. मागच्या अंगाला कसले तरी इंजिन धडधडते आहे. मित्रांनो, काही जण रस्ता ओलांडून इकडेच येत आहेत, नवशिके दिसतात. त्यांना कुणी ओळखत असाल तर एवढे सांगा: दारावरचे मासे पाहू नका, माझा रंग पाहू नका. आधी माझी झडप उघडा आणि हुंगा. आणि जरा जरी वास आला, तरी कुणाच्याही तोंडाकडे पाहून "बरं" म्हणू नका.