मूळ सापडलं म्हणे!

आमची ही पेशी बघते. नोकरीच ती. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसायचं आणि एका पेशीच्या दोन होताना काय काय घडतं त्याच्या फिल्म काढायच्या. मी शाळेत भूगोल शिकवतो, माझी मजल नद्या-डोंगरांपर्यंत. पण इतक्या वर्षांच्या संसारात काही ना काही कानावर पडतंच. पेशी दुभंगण्याआधी तिच्यातल्या प्रत्येक गुणसूत्राची जोडी तयार होते. मग दोन्ही टोकांकडून बारीक दोरे येतात आणि जोडीतलं एकेक आपापल्या बाजूला ओढून नेतात. शेवटची जोडी दोऱ्यांना लागेपर्यंत पेशी थांबून राहते. हे थांबणं बिघडलं की वाटणी चुकते, एकीला जास्त, एकीला कमी. कॅन्सरच्या गाठीत अशा चुकलेल्या वाटणीच्या पेशी पुष्कळ सापडतात. 'थांब' हा निरोप पेशीत कोण पोचवतं, याच्या मागे ही लागली ती आमची मुलगी रांगत होती तेव्हापासून. मुलगी आता कॉलेजात आहे.

गेल्या वर्षी हिच्या हाती एक नवा दुवा लागला. शोधनिबंध छापून आला, परदेशातून कौतुकाचे फोन आले, ही घरात गुणगुणत फिरू लागली. तेवढ्यात हिच्या संशोधन संस्थेने बातमी सोडली.

सकाळी पेपर उघडला आणि माझा चहा हातातच राहिला. 'कॅन्सरचं मूळ सापडलं! गाठ वाढूच न देणारी किल्ली शास्त्रज्ञ महिलेच्या हाती. औषध आता दूर नाही.' खाली हिचा फोटो, चांगला हसरा.

हिने वाचलं आणि तिथल्या तिथे प्रसिद्धी विभागातल्या बाईंना फोन लावला.

"मी दिलेल्या मजकुरात 'काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये' असं होतं. 'औषधाबद्दल आज काहीच सांगता येणार नाही' असंही होतं. कुठे गेलं ते?"

"मॅडम, ते जरा लांबत होतं. संचालक सरांनीच काढायला सांगितलं."

"लांबत होतं? अहो, तेवढंच तर खरं होतं!"

फोन आपटून ही अंघोळीला गेली आणि बादलीशी भांडत असल्यासारखी अंघोळ केली. मला वाटलं, दोन दिवसांत निवळेल. दोन दिवसांनी दादाचा फोन आला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याची बायको, आमची वहिनी, घराच्या पुढच्या खोलीत ब्यूटी पार्लर चालवते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला तिच्या स्तनात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली. केस गेले तेव्हा आरशात बघून म्हणाली होती, "पार्लरवालीलाच टक्कल! आता पाटीवर काय लिहू?" हसणारं माणूस. म्हणून दादाचा आवाज ऐकून मी चरकलो.

"ही आज केमोला गेलीच नाही रे. म्हणते, धाकटीचं औषध येतंय, तोवर थांबते. तुम्ही दोघं या बाबा."

आम्ही तसेच निघालो. वहिनी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली होती, डोक्याला रुमाल बांधून. समोरच्या आरशावर ते कात्रण चिकटवलेलं.

"या डॉक्टरीणबाई," ती म्हणाली. ही औषधाची डॉक्टर नाही हे सगळ्या घराला माहीत आहे, पण वहिनीने हाक सोडली नाही ती नाहीच. "घरात औषध असताना मी बाहेरचं विष कशाला घेऊ, सांग बरं?"

"ताई, कुठलं औषध? माझ्याकडे औषध नाही."

"पेपरात आलंय. तुझा फोटो आहे. तो काय खोटा?"

"फोटो खरा आहे. बाकी सगळ्या थापा आहेत!"

"मग तुझ्या साहेबाने कशाला छापल्या? तो काय येडा आहे?"

रागाने हिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी वहिनीला हळूच विचारलं, "केमोचा एवढा कंटाळा का आला एकाएकी? निम्मी तर झाली."

वहिनीने दोन्ही हात पुढे केले. "ही बोटं बघ. माझी वाटतच नाहीत. कात्री धरली की कुठे लागते तेच कळत नाही. परवा एकीचा कान थोडक्यात वाचला. टक्कल रुमालाखाली झाकता येतं रे, बोटं कुठे झाकू?"

"डॉक्टरांना सांगितलंत?" हिने विचारलं.

"नाही. म्हणतील, बाई कुरकुरी आहे."

हिने कपाटावरची फाइल ओढली, औषधाचं नाव वाचलं आणि वहिनीसमोर स्टुलावर बसली. "ताई, हे तुमचं विष आहे ना, हे त्याच दोऱ्यांवर काम करतं. मी ज्या दोऱ्यांच्या फिल्म काढते ना, त्यांनाच ते आखडवतं. गाठीतली पेशी दुभंगायला निघाली की दोरे हलत नाहीत, वाटणी फसते आणि पेशी मरते. बोटांच्या नसांमध्येही तसेच दोरे असतात. तेही आखडतात, म्हणून बोटं बधिर. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात. पण आधी त्यांना कळायला तर हवं!"

"हे तुला ठाऊक होतं? मग आजवर बोलली नाहीस ती?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

"तू घरी कुठे असतेस?"

वहिनी बराच वेळ बोटं चोळत राहिली. मग म्हणाली, "तू एक सांगतेस, पेपर एक सांगतो. मला तुझ्या साहेबालाच विचारायचंय. चल."

दादा नको नको म्हणत असताना ती चपला घालून दारात उभी राहिली.

संस्थेच्या फाटकाशी चार-सहा माणसं उभी होती, हातात एक्स-रेच्या पिशव्या. पहारेकरी हिला बघून म्हणाला, "मॅडम, कालपासून हेच चाललंय. काय सांगू यांना?" तेवढ्यात एक दणकट माणूस पुढे झाला. ट्रकचालक होता, रात्रभर गाडी हाकत आलेला. त्याच्या बायकोच्या पोटात गाठ होती. "फोटोतल्या बाई तुम्हीच ना? औषध कधी मिळेल?"

"थांबा," ही म्हणाली, "उत्तर देणाऱ्यालाच आणते."

ती वर गेली, मी मागोमाग. संचालक नव्या सोफ्यावर बसून कुणाला तरी ते कात्रण दाखवत होते.

"सर, दुरुस्ती छापा. आजच्या आज."

"अहो, एवढं काय झालं? लोकांना आशा लागते. संस्थेचं नाव झालं, तुमचं झालं."

"माझं नाव घेऊन माझ्या जावेने उपचार सोडलेत! आशा लागते ना? मग खाली चला आणि तुमच्या तोंडाने द्या ती. फाटकाशी उभे आहेत लोक."

दार उघडं होतं आणि बाहेरची कारकून मंडळी माना वळवून बघत होती. संचालक उठले. खाली आल्यावर सगळ्यात पुढे वहिनी होती. ती कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"साहेब, औषध येणार का?"

"संशोधन जोरात चालू आहे. धीर धरा. लवकरच."

"तोवर मी केमो बंद ठेवू?"

संचालकांनी घड्याळ बघितलं, मग बूट बघितले. "तो... तुमचा वैयक्तिक निर्णय आहे."

"वैयक्तिक?" ही एवढ्या मोठ्याने ओरडली की पहारेकऱ्याने टोपी सावरली. "बंद ठेवू नका एवढे तीन शब्द तोंडातून निघत नाहीत तुमच्या? बातमी छापताना बरे शब्द सुचले! ऐका सगळ्यांनी. औषध नाही. माझ्याकडे नाही, यांच्याकडे नाही, आणि कधी होईल ते मी आज सांगू शकत नाही. चालू आहेत ते उपचार सोडू नका!"

संचालक आत निघून गेले. ट्रकचालक मात्र हिच्याकडेच बघत होता. "मग फोटो कशाला छापून घेतलात, बाई? नाव व्हावं म्हणून?"

"मी नाही हो छापला," ही म्हणाली.

त्याला ते पटलं नाही. का पटावं? हसरा फोटो हिचाच होता. पिशवी काखेत मारून तो गाडीकडे गेला. ही त्याच्या मागे चार पावलं धावली, पण त्याने वळून पाहिलं नाही.

परतताना रिक्षात वहिनीने डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला. मग म्हणाली, "तुझ्या साहेबाने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. एखादीचे केस बिघडवले की मीही अशीच खाली बघते." आणि हिचा हात धरून म्हणाली, "उद्या दवाखान्यात तूच चल. बोटांचं तू सांग. मला नाही जमायचं."

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. डॉक्टर रागावले, आधी का सांगितलं नाही म्हणून. पण मात्रा कमी केली आणि उरलेली केमो पार पडली. आता वहिनी तपासणीला जाते आणि अजूनपर्यंत सारं ठीक निघालंय. बोटं निम्मीशीच परत आली. केस कापायला तिने एक मुलगी ठेवली आहे आणि स्वतः खुर्चीमागे उभी राहून गिऱ्हाइकांशी गप्पा मारते.

दुरुस्ती संस्थेने छापलीच नाही. हिने स्वतः लिहून सगळ्या पेपरांकडे पाठवली. एकाने घेतली, आतल्या पानावर, गादीच्या जाहिरातीखाली. त्याबद्दल संचालकांनी हिला नोटीस दिली, परवानगीविना पेपरांशी बोलल्याची. हिने उलट विचारलं, माझं कुठलं वाक्य खोटं आहे? त्याला आजतागायत उत्तर नाही. मूळ बातमी मात्र चौकटीत घालून संस्थेच्या दर्शनी भिंतीवर लावली आहे.

लोकांचे फोन अजून येतात. ही प्रत्येक फोन उचलते आणि शांतपणे, न कंटाळता सांगते की औषध नाही, उपचार सोडू नका. फोन ठेवला की संचालकांचा उद्धार सुरू होतो. मी शाळेतला मास्तर; ते शब्द मला इथे लिहिता येणार नाहीत.