सटवाईचा कागद

नर्सने बांगड्या काढायला सांगितल्या, तसे प्रयागबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"काचंच्या हायेत. न्हाई निघत."

"साबण लावू की," नर्स म्हणाली.

साबण लावल्यावर बांगड्या निघाल्या. मग मंगळसूत्र निघालं, जोडवी निघाली. शेवटी नर्सचा हात कमरेला खोचलेल्या लाल कापडाच्या पुडीकडे गेला आणि प्रयागबाईंनी तो मनगटापाशी घट्ट धरला.

"ह्ये न्हाई. ह्ये देवाचं हाय."

"मावशी, आत काहीच नेता येत नाही."

बाकावर बसलेली लंकाबाई उठली. ती प्रयागबाईंची सवत. तेवीस वर्षं एका चुलीवर काढलेली, त्यामुळे भांडायचंही आता जिवावर यायचं दोघींच्या.

"अक्का, माज्यापाशी द्या. मी भुईला टेकवत न्हाई."

प्रयागबाईंनी पुडी तिच्या ओटीत ठेवली. हात रिकामे झाले तशा त्या पदराचं टोक पिळू लागल्या. सकाळपासून त्यांनी हातांना काम दिलं होतं. कापूस घेऊन आल्या होत्या आणि बाकावर बसून वाती वळत होत्या. मांडीवर वातींचा ढीग झाला होता, वर्षभर देवापुढे पुरला असता. बाईमाणसाने भ्यायचं तरी हात चालवत भ्यावं, असं त्यांची आई म्हणायची.

भ्यायला कारणही होतं. प्रयागबाईंना सत्तेचाळिसावं सरत आलं होतं. पाळी जायच्या वयात ती उलटी अंगावर बसली होती. तीन महिने थांबेना. गावच्या, कळंबच्या बायकांनी लगेच निकाल दिला: पिशवी काढून टाक, घरोघरी तेच चाललंय. एकीने कानाशी लागून कॅन्सरचंही नाव घेतलं. मरणाचं प्रयागबाईंना एवढं भय नव्हतं. पिशवी काढतील याची धास्ती होती. त्या पिशवीने त्यांना काय दिलं होतं? एक मुलगा, तोही सात महिन्यांत हगवणीने गेला. पुढे काही नाहीच. तरी पण आपलं ते आपलं. उपयोगाला आलं नाही म्हणून कुणी अवयव उकिरड्यावर टाकत नाही.

मंचरच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं. डॉक्टर डिंपल म्हणजे पेठेतल्या पुखराज शेठजींची सून. वयाने लहान, पण बोलणं आपलेपणाचं. पिशवी काढायची नाही, नुसती आतून खरवडायची, तुकडा पुण्याला तपासायला पाठवायचा, अर्ध्या तासाचं काम, असं त्यांनी तीनदा सांगितलं. प्रयागबाईंनी तीनदा मान हलवली आणि तिन्ही वेळा मनात म्हटलं, तुमचं खरं, पण सटवाईने काय लिहिलंय कुणास ठाऊक.

ते लिहिलेलं त्या लाल पुडीत होतं.

मुलगा झाला सत्तर साली, माहेरी, जुन्नरकडच्या गावात. बाळ आडवं आलं म्हणून आईने बैलगाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी घरी आणलं. पाचवीच्या पूजेला पाटा-वरवंटा मांडला, पण सटवाईला लिहायला कोरा कागद हवा, तो शेतकऱ्याच्या घरात कुठून असणार? दवाखान्यातून मिळालेला एक कागद होता. एका अंगाला छापलेलं, दुसरं अंग कोरं. आईने कोरं अंग वर करून तोच मांडला, शेजारी मास्तरांकडून आणलेलं पेन ठेवलं. सकाळी घडी घातली, लाल कापडात बांधली. सटवाई लिहून जाते ते माणसाला दिसत नाही, आणि तो कागद उघडून बघायचा नसतो, एवढं कुणालाही ठाऊक.

बाळ गेल्यावर त्याचं म्हणून तेवढंच उरलं. प्रयागबाईंनी पुडी सासरी आणून देव्हाऱ्यात ठेवली. दर कार्तिकात, बाळाच्या तिथीला, तिला हळदकुंकू वाहिलं. घरातला जो तो तिला कपाळ टेकायचा. चार वर्षं वाट पाहून लंकाबाईला आणायचं ठरलं, तेव्हा गेणभाऊ, म्हणजे प्रयागबाईंचे मालक, याच पुडीपुढे हात जोडून म्हणाले होते, "सटवीनं लिवलंय त्येच व्हनार. आपुन काय करावं?" त्यावर प्रयागबाईंनीही पुडीला हात जोडले होते. लिहिणाऱ्या बाईशी कुठे भांडणार?

आत नेलं, सुई टोचली, डोक्यावरचा दिवा मोठा मोठा होत गेला.

शुद्धीवर आल्या तेव्हा ऊन खिडकीतून खाटेवर आलं होतं. जीभ टाळूला चिकटली होती. लंकाबाईने ओल्या कापसाने ओठ पुसले. तिची ओटी अजून एका हाताने धरलेलीच होती.

"काडली का पिशवी?"

"न्हाई अक्का. हाय जागच्या जागी."

प्रयागबाईंनी डोळे मिटले. तीन महिन्यांनी पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला.

तेवढ्यात डॉक्टर डिंपल आल्या. हातात स्टीलची वाटी होती.

"मावशी, बरं वाटतंय ना? मला तरी काळजीचं काही दिसलं नाही. तुकडा पुण्याला पाठवतेय, त्याचा रिपोर्ट तेवढा येऊ दे. पण तुमच्या त्रासाचं कारण सापडलं." त्यांनी वाटी पुढे केली. "हे इतकी वर्षं आत कसं राहिलं? काढायला का नाही आलात?"

वाटीत बोटभर लांबीचं, नागमोडी, पिवळट पडलेलं प्लास्टिक होतं. टोकाला काळा पडलेला दोरा. उसवलेल्या चपलेचा पट्टा असावा तसं काहीतरी.

"ह्ये काय?"

"लूप. मूल राहू नये म्हणून पूर्वी पिशवीत बसवायचे. आता तांबी बसवतात ना, तसं. तुमचा मुलगा, कुंडलिक, झाल्यावर बसवलं होतं का?"

"कुंडलिक माजा," लंकाबाई हळू म्हणाली. "अक्काला मूल न्हाई. म्हून तर मला आनली."

डॉक्टर डिंपलनी वाटी मागे घेतली, पण ती कुठे ठेवावी ते त्यांना सुचेना. त्यांचा चेहरा एकदम शाळकरी मुलीसारखा झाला.

"कुणी बसवलं मग?" त्यांनी विचारलं. "कधी कुठल्या दवाखान्यात गेला होता?"

"जल्मात एकदाच," प्रयागबाई म्हणाल्या. "लेकराच्या टायमाला."

"काही सांगितलं नाही तुम्हाला?"

प्रयागबाई आठवू लागल्या. पांढऱ्या साडीतली जाड बाई. शाई लावून अंगठा घेतलेला. ती आईला म्हणाली होती, दोन वर्षांनी घेऊन या. आईला वाटलं, पोराला देवी टोचायला असेल. पोर सात महिन्यांत गेलं. मग कोण कशाला दोन वर्षांनी जाईल?

"आन कागुद दिला व्हता," त्या म्हणाल्या.

म्हटलं, आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्यांनी लंकाबाईकडे पाहिलं. लंकाबाई स्वतःच्या ओटीकडे बघत होती.

"उघड."

"अक्का, त्यो वाचायचा नस्तो."

"उघड म्हनते ना, लंके."

लंकाबाईने गाठ सोडली. कापडावर सत्तावीस वर्षांच्या कुंकवाचा थर होता, तो तिच्या बोटांना लागला. कागद घडीवर तुटायला आला होता. कोरं अंग कोरंच होतं. लंकाबाई चौथी शिकलेली, पण दुसरं अंग वळवून तिने तो तसाच डॉक्टरांकडे दिला. डॉक्टर डिंपलनी तो खिडकीपाशी धरला. आधी मनात वाचला, मग थांबल्या, आणि प्रयागबाईंची मान हलली तेव्हा मोठ्याने वाचला.

"प्रयाग गेणू. वय वीस. प्रसूतीनंतर लूप बसविला. दोन वर्षांनी तपासणीस येणे." पुढची ओळ छापील होती. ती वाचताना त्यांचा आवाज बारीक झाला. "मूल हवे असेल तेव्हा लूप काढून घ्यावा."

बाहेर हायवेवरून कांद्याचे ट्रक जात होते. खिडकीची तावदानं वाजत होती.

प्रयागबाईंना रडू आलं नाही. त्यांना नुसते उपास आठवत राहिले. सोळा सोमवार, देवऋषाने दिलेला अंगारा, कडू मुळ्या उगाळून प्यायलेल्या, लोकांच्या ओटीभरणीतून मागच्या दाराने घरी निघून आलेलं. हे सगळं त्यांनी केलं, आणि त्या सगळ्या काळात उत्तर देव्हाऱ्यात होतं. त्याला त्या स्वतःच्या हाताने कुंकू लावत होत्या.

"डाक्टरीणबाई," त्या म्हणाल्या. "आता निगालं न्हवं त्ये?"

"हो, निघालं."

"मंग आता?"

डॉक्टर डिंपलनी प्रयागबाईंच्या पायावरचं पांघरूण उगाच नीट केलं, कागद उशाशी ठेवला आणि वाटी घेऊन बाहेर गेल्या.

लंकाबाई भिंतीला टेकून खाली बसली होती. कुंकवाने माखलेली बोटं तिने समोर धरली होती, लुगड्याला पुसायचं तिला सुचलं नव्हतं.

"मी सतरा वर्साची व्हते, अक्का," ती म्हणाली. "बिजवराला द्यू नका म्हून आयच्या पाया पडले व्हते. मला उगाच आनलं व्हय?"

तिला कशाला आणलं, हे प्रयागबाईंनी तेवीस वर्षं मनातल्या मनात देवाला विचारलं होतं. आज तोच प्रश्न लंकाबाईने विचारला. कुंडलिकचं नाव जिभेवर आलं, पण ते त्यांनी गिळलं. त्यांनी खाटेवरून हात खाली सोडला. लंकाबाईने तो धरला. काचेच्या बांगड्यांवाचून तो हात तिला ओळखीचा वाटला नाही, तरी तिने तो धरून ठेवला.

मार्केटमधून गेणभाऊ आले तेव्हा दोघी तशाच होत्या. त्यांनी दाराशी चपला काढल्या, टोपी सारखी केली. हातात पार्लेचे दोन पुडे होते.

"झालं न्हवं नीट? भायेर नर्सबाईनं सांगितलं, भ्यायचं काय न्हाई." ते खाटेजवळ आले. "म्या म्हनलं व्हतंच. सटवीच्या मनात असंल तसं व्हईल."

प्रयागबाईंनी उशाशी ठेवलेला कागद उचलला. त्याची जुनीच घडी घातली आणि नवऱ्यापुढे धरला.

गेणभाऊंनी सवयीने पुडे काखेत धरले, दोन्ही हातांनी कागद घेतला आणि डोळे मिटून कपाळाकडे नेला.

"कपाळाला नका लावू," प्रयागबाई म्हणाल्या. "वाचा."