पाणी न घालायची बाग

मोठीबाईंच्या अंगणात एके काळी छत्तीस कुंड्या होत्या आणि छत्तीसही कुंड्यांना त्यांचा धाक होता. गुलाब वेळेवर फुलला नाही की त्या त्याला उभ्या उभ्या चार शब्द सुनवायच्या, आणि शेजारपाजारचे शपथेवर सांगायचे की आठवड्याच्या आत कळी यायचीच. मग गुडघे गेले. बादली उचलायची तर आधी भिंतीला धरा, मग देवाला. एकाच उन्हाळ्यात सगळ्या कुंड्या वाळल्या आणि दाराशी उरला बारा पावलांचा मातीचा पट्टा. त्यात मांजर लोळायचं, बाकी काही नाही.

लेक फरशी बसवणारा. दुसऱ्यांची अंगणं आरशासारखी करणारा माणूस, आणि स्वतःच्या दारात ही धूळ!

"गिऱ्हाईक हसतं मला," तो एकदा जेवताना म्हणाला. "फरश्या उरल्याच आहेत. दोन दिवसांचं काम. झाडू मारला की विषय संपला."

मोठीबाई काही बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या की घरातली माणसं भांडीसुद्धा आवाज न करता ठेवायची. पण बोलणार तरी काय? आपल्याच्याने होत नाही आणि दुसऱ्याला करायला सांगायचं, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. त्या मातीमुळे लोक त्यांना बागेवाली म्हणून ओळखत. माती गेली की त्या दारात बसलेली एक म्हातारी, इतकंच राहणार होतं.

बोलली ती सून. सून अँब्युलन्स चालवायची. बारा-बारा तासांची ड्यूटी, घरी आली की बूट काढायचंही त्राण नसायचं. तरी म्हणाली, "तीन महिने दे मला. मी झाडं लावते. कोणी त्यांच्याकडे बघायचं नाही, मीसुद्धा नाही. जगली तर माती राहील, मेली तर तुझी फरशी."

"न बघता झाडं जगतात होय?" मोठीबाई फणकारल्या. "मग पोरंही तशीच वाढवायची होती मी."

"वाढवायची होतीत आई," सून नवऱ्याकडे बघत म्हणाली. "आपले मोजे कुठे असतात, एवढं तरी कळलं असतं."

तिने विकत असं काहीच आणलं नाही. दवाखान्याच्या कुंपणालगतची सदाफुली, कोणा नर्सच्या गच्चीतली कोरफड, पानफुटीची चार पानं. नवऱ्याच्या पोत्यातले फरशीचे तुकडे आणि वाळू तिने मातीत मिसळली, पाणी साचू नये म्हणून. वरून वाळक्या पानांचा जाड थर दिला. एकदाच पोटभर पाणी घातलं आणि सांगून टाकलं, "वाटलंच तहान लागली असेल, तर दोन पेरं बोट मातीत घालायचं. ओल लागली की गुपचूप मागे फिरायचं."

मोठीबाई खिडकीतून बघत होत्या. इतकी भराभर आणि इतकी नीट लावणी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. हे त्या कोणाला सांगणार नव्हत्या, ही गोष्ट वेगळी.

पण दुपारच्या उन्हात सदाफुलीने मान टाकली आणि त्यांचा जीव कासावीस झाला. तहानलेल्याला पाणी द्यायचं नाही, हा कुठला कायदा? सकाळी दोघं कामावर गेली की त्या भिंत धरून पायऱ्या उतरू लागल्या. बादली झेपत नव्हती, म्हणून तांब्या. एक घालून परत, दुसरा घालून परत. रोज तीन तांबे. मातीत बोट घालायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. चाळीस वर्षं बाग केलेल्या बाईने बोट घालून बघायचं?

महिन्याभरात सदाफुली पिवळी पडली. कोरफड उकडल्यासारखी मऊ झाली. मोठीबाईंनी घाबरून चौथा तांब्या सुरू केला.

"झालं," लेक म्हणाला. रविवारी सकाळी त्याने फरश्या दाराशी रचल्या आणि थापी हातात घेतली. सून नुकतीच ड्यूटीवरून आली होती. ती गणवेशातच उकिडवी बसली आणि तिने मातीत बोट घातलं. बोट चिखलाने माखून वर आलं. तिने ते पुसलं आणि शांतपणे म्हणाली, "माझंच चुकलं असेल. वाळू कमी पडली."

खिडकीत मोठीबाईंनी ते ऐकलं. "चुकलं" हा शब्द त्यांच्या तोंडून कधी नवऱ्यानेही ऐकला नव्हता. त्या गप्प राहिल्या असत्या तर कोणाला पत्ता लागला नसता. फक्त दोष सुनेच्या डोक्यावर बसला असता, आणि वर फरशी.

त्या पायऱ्या उतरून बाहेर आल्या. "थापी ठेव खाली. तिचं काही चुकलेलं नाही. चुकलं माझं. रोज पाणी घातलंय मी, चोरून."

"तू? या गुडघ्यांनी?"

"मग काय उडत आले असेन?"

लेकाने थापी खाली ठेवली. मोठीबाई सुनेकडे वळल्या. "तुला कळलं होतं ना?"

"बोट घातल्या घातल्या. इतक्या मायेने बुडवणारं घरात दुसरं कोण आहे?" सून हसली. "आई, शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, असं मी रोज लोकांना ओरडून सांगते. तरी घालतातच. आपल्याच माणसाला घालतात."

तिने कोरफड उपटली, सडलेली मुळं कापली, ती चार दिवस सावलीत कोरडी ठेवून कोरड्या वाळूत पुन्हा लावली आणि सदाफुलीभोवतीचा चिखल काढून तिथेही वाळू भरली. "तीन महिने आजपासून मोज," मोठीबाईंनी लेकाला बजावलं. "मी मध्ये हात घातला तर फरश्या मी स्वतः उचलून देईन." मग त्या हात मांडीवर ठेवून बसायला शिकल्या. त्यापेक्षा पाच बाळंतपणं सोपी होती.

तीन महिने भरले त्या दिवशी लेकाने फरश्या टेम्पोत चढवल्या आणि गिऱ्हाइकाकडे पोचवल्या. पट्ट्यात सदाफुली गच्च फुलली होती, पानफुटी कडेकडेने पसरली होती, आणि कोरफडीला तीन पिल्लं आली होती.

शेजारीण फाटकाशी थबकली. "मोठीबाई, परत हात लावलात वाटतं बागेला! मलाही सांगा की कसं करायचं."

"सुनेला विचार," मोठीबाई म्हणाल्या. "तिच्यासारखी बाग मला कधी जमली नाही. मी अजून शिकतेय."

शेजारणीने आत येऊन आधी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप तर नाही ना म्हणून.