नवरदेवाचं नाक

टेडी बेअरचं नाक भरणं म्हणजे काळा दोरा घेऊन त्रिकोण गिरवणं, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा माझ्यासमोर सुई ओवून दाखवावी. डोळे काय, बाजारात तयार मिळतात. कान कोणीही शिवेल. पण नाक बसेपर्यंत टेडी म्हणजे कापूस भरलेला नुसता गोळा. नाक बसलं की तो कुणीतरी होतो. म्हणून मी नाक सगळ्यात शेवटी भरते, आणि त्या वेळी घरात कुणी बोललेलं मला चालत नाही. आमचे हे, म्हणजे विलासराव, बँकेतून रिटायर झाल्यापासून दिवसभर बोलतात. नाकाच्या वेळी मी त्यांना भाजी आणायला पिटाळते.

आमच्या देवश्रीचं लग्न ठरलं तेव्हा तिनंच फर्मान काढलं. "मम्मी, रुखवतात ते थर्माकोलचं तुळशीवृंदावन बिलकुल नको. तुझे टेडी ठेवू. एक नवरा, एक नवरी." मुलीकडच्यांनी हातानं केलेल्या वस्तू टेबलावर मांडायच्या आणि मुलाकडच्यांनी त्यांना नावं ठेवायची, हाच रुखवताचा खरा उद्देश. तरी मी हो म्हटलं.

मुलाकडचे म्हणजे आमच्या उज्जैनमधलीच जुनी मराठी मंडळी. त्यांचे पूर्वज शिंदेशाहीत दफ्तरात होते. आता दफ्तर गेलं, शाही गेली, नाक तेवढं राहिलं. उंच, मधे किंचित वाकलेलं, टोकाला खाली झुकलेलं. दिवाणखान्यात वाडवडिलांच्या तसबिरी, आणि प्रत्येक तसबिरीत तेच नाक. आमच्या जावयाला, आल्हादला आहे. त्याचे वडील श्रीकांतराव ह्यांना तर आहेच आहे. बैठकीत सगळे जेवणाचा मेनू ठरवत होते, आणि मी त्या नाकाकडे बघत मनात टाके घालत होते.

आम्ही मायलेकी मात्र बसक्या नाकाच्या. मुलगी बघायला आले होते तेव्हा आल्हादची आत्या, जयूआत्या, पोहे खाता खाता म्हणाली होती, "मुलगी गोड आहे हो, नाक तेवढं जरा बसकं आहे." देवश्री त्यांच्यासमोर हसली, आणि ते गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडली. मला ते अजून सलतं. त्यात श्रीकांतराव रुसण्यात नामांकित. श्रीखंडाची वाटी उशिरा आली म्हणून स्वतःच्या पुतण्याच्या लग्नात भरल्या पंगतीतून उठून गेलेला माणूस! ते दुखावले असते तर आमचं काय, आम्ही नानाखेड्यात आमच्या घरी. जन्मभर ऐकून घ्यायचं होतं देवश्रीला.

गोपाळ मंदिराजवळून बदामी फरचं कापड आणलं आणि कामाला लागले. नवरीला नऊवारी, नथ, आणि देवश्रीचंच छोटंसं बसकं नाक. मग नवरदेव घेतला. नाकाच्या जागी कापसाची बारीक गादी ठेवली, तिच्यावरून काळ्या रेशमाचे उभे टाके, एकाला एक चिकटून. मधे उंचवटा, टोकाला दोन टाके लांब. शेवटची गाठ मारली आणि मीच दचकले. तो टेडी माझ्याकडे श्रीखंडाची वाट बघत असल्यासारखा बघत होता.

विलासराव भाजी घेऊन आले ते दारातच थबकले. "व्याही कधी आले?" म्हणाले.

देवश्री तर किंचाळलीच. "मम्मी! हे काय करून ठेवलंस! हे हुबेहूब आल्हादचे बाबा आहेत! त्यांना वाटेल आपण त्यांच्या नाकाचा मजाक केला. भर मांडवातून उठून जातील. उसव ते!"

"अगं, पण नाक खरं आहे."

"खरं आहे म्हणूनच उसव."

उसवलं. भरलेलं नाक उसवायला जीव घट्ट करावा लागतो. फर निघतं, कापडाला भोकं राहतात. त्या भोकांवर मी एक बारकं, गोल, कुणाच्या अध्यात ना मध्यात असं नाक भरलं. नवरदेव मांजरासारखा दिसायला लागला. देवश्री म्हणाली, "बस, परफेक्ट."

लग्न नानाखेड्यातल्याच एका मॅरेज गार्डनमध्ये होतं. मुहूर्ताला थोडा वेळ होता. देवश्री एका कोपऱ्यात गौरीहर पुजायला बसली होती आणि शेजारीच रुखवताचं टेबल होतं. श्रीकांतराव मागे हात बांधून आले. लाडू बघितले, रांगोळी बघितली, आणि टेडींपाशी थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हा कोण?"

"नवरदेव," मी म्हणाले.

"म्हणजे आमचा आल्हाद?"

"हो."

"आणि हे नाक?"

देवश्रीच्या हातातले तांदूळ तिथेच राहिले.

"विहीणबाई, आमच्या खानदानात सात पिढ्यांत कोणी नकटा जन्मला नाही," श्रीकांतराव म्हणाले. "हा आमचा मुलगाच नाही. उद्या लोक विचारतील, मुलगी कुणाच्या घरी दिली?" त्यांनी खांद्यावरचं उपरणं सावरलं आणि गेटकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ उज्जैनमधल्या समस्त मराठी माणसांना माहीत होता.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथे नवरदेवच नकटा निघाला होता. माझं डोकं फिरलं. "थांबा!" मी म्हणाले. "नाक बरोबर भरलं होतं मी. तुमच्या घरचंच. तुम्हाला राग येईल म्हणून उसवलं. खोटं वाटत असेल तर बसा समोर, आत्ता भरून दाखवते."

नाकाचं नाव निघताच विलासराव सवयीनं भाजीची पिशवी शोधायला लागले.

"राग?" श्रीकांतराव म्हणाले. "ह्या नाकाचा?" आणि त्यांनी खुर्ची ओढली. "आल्हाद कपडे बदलतोय. मी बसतो. नाक एकच आहे."

सुईदोरा माझ्या पर्समध्ये असतोच. ते मांजराचं नाक आधी उसवलं. गादीसाठी मी गुरुजींच्या वातींचा चिमूटभर कापूस उचलला. गुरुजी रामघाटावरचे, त्यांना पुढे दुसरं लग्न होतं. ते ओरडले, "अरे, मुहूर्त निकल जाएगा!"

"ठहरो, गुरुजी," श्रीकांतराव मान न हलवता म्हणाले. "खानदान की नाक बन रही है."

मी टाके घालत गेले. माणसं गोळा झाली. उंचवटा आला, तशी कुणीतरी "वा!" म्हणालं. तेवढ्यात जयूआत्या पुढे झाली. "अलकाताई, लगे हाथ नवरीचंही नाक थोडं वर उचला ना. जोडा शोभेल."

माझी सुई थांबली. देवश्रीनं मान खाली घातली. ती आता रडेल, भर मांडवात रडेल.

श्रीकांतरावांनी पहिल्यांदाच मान वळवली. "जयू, नवरीचं नाक तिच्या घरचं आहे. त्याला कोणी सुई लावायची नाही." आणि पुन्हा एका बाजूला तोंड करून बसले. "चालू द्या, विहीणबाई. टोकाला जरा झुकतं, विसरू नका."

ते टोक मी विसरणं शक्य नव्हतं. पण तिथेच दोरा संपला, आणि नवा ओवायला घेतला तर मला सुईचं भोकच दिसेना. आयुष्यात पहिल्यांदा. डोळे पुसले, तरी दिसेना. ह्या माणसाला मी महिनाभर मनात काय काय बोलले होते, ते सगळं आठवून आणखीच भरून येत होतं.

"आणा इकडे," श्रीकांतराव म्हणाले. त्यांनी दोऱ्याचं टोक ओलं केलं, सुई चष्म्यासमोर धरली आणि एका झटक्यात ओवून माझ्या हातात दिली. मग गौरीहराकडे वळून म्हणाले, "सूनबाई, तू पूजा आटप. तुझ्या नवऱ्याचं नाक होतच आलंय."