गेममधली म्हातारी

हिरकणीवाडीत रोपवेच्या वाटेवर ठमाबाईचं पिठलं-भाकरीचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री आणि दोन बाकडी. तिचा नवरा हैबती गडावर गाइड. तीस वर्षं पर्यटकांना गड दाखवून त्याचा आवाज असा झालाय, की घरात त्यानं मीठ मागितलं तरी चार घरांना कळतं. ठमाबाई मात्र मोजकं बोलणारी. गिऱ्हाइकानं काय विचारलं तर हो किंवा नाय, एवढ्यावर तिचा दिवस निघतो.

त्यांची मुलगी अंकिता पुण्यात एका छोट्या कंपनीत व्हिडिओ गेमच्या आवाजांचं काम करते. पावलं, दारं, वारा, माणसांचे संवाद, सगळं तिच्याकडे. गेल्या फेब्रुवारीत ती एका मंगळवारी अचानक घरी आली. बरोबर लॅपटॉप आणि माइक.

"सुट्टी हाय?" ठमाबाईनं विचारलं.

"नाही. काम घेऊन आलेय, आये. तुझ्याकडेच."

मग तिनं दोघांना समजावलं. त्यांचा नवा गेम म्हणजे जवळजवळ सिनेमाच. माणसं, चेहरे, संगीत, सगळं तसंच. फक्त नायिकेनं काय करायचं ते बघणाऱ्यानं ठरवायचं. नायिका राही, सोळा वर्षांची. तिचा बाप घाटावरच्या वाड्यांना टपाल वाटायचा, तो एक दिवस परत आला नाही. त्याला शोधायला ती एकटी घाट चढते. वाटेत तिन्हीसांजेला एका म्हातारीचं घर लागतं. त्या म्हातारीचा आवाज शहरातल्या एका नटीनं दिला होता, पण तिचं 'नाय' आणि 'हाय' नक्कल केल्यासारखं वाटत होतं. गेमची गोष्ट लिहिणारा नागसेन, तोच दिग्दर्शक, त्यानं ते तीनदा ऐकलं आणि बाजूला ठेवलं.

हैबती खाटेवरून उठला. घसा खाकरला. "मग माझा घे आवाज."

"म्हातारी आहे, बाबा."

"बारीक करतो की."

त्यानं करून दाखवलं. म्हातारी महादरवाजा किती फूट उंच आहे ते सांगतेय, असं वाटलं. अंकिता हसून हसून भिंतीला टेकली.

शेवटी हैबतीला दुकानावर बसवलं. घराच्या आतल्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, कोंबड्या शेजारी हाकलल्या. पहिला तासभर काही जमलं नाही. ठमाबाई शाळेत धडा वाचावा तशी बोलत होती. मग अंकितानं कागद मिटला.

"हे बघ आये, मी राही. तुझ्या दारात आलेय. तुला जे बोलावंसं वाटेल ते बोल."

तिथून गाडी चालू लागली. संध्याकाळपर्यंत संपेल असं वाटत असतानाच एक वाक्य आडवं आलं. राहीनं आपण कोण हे खरं सांगितलं तर म्हातारी तिला घरात घेते. आपण पाटलांची पाहुणी आहोत असं खोटं सांगितलं, तर म्हातारीनं म्हणायचं होतं, "चल नीघ. खोटारड्यांना माझ्या घरी पाणीसुद्धा मिळायचं नाय."

ठमाबाईनं ते मनात वाचलं. "हे नाय बोलायची मी."

"का?"

"पोर घाट चढून आलीय ना?"

"हो."

"अंधार पडाया आलाय?"

"हो. पण ते तू नाही बोलत आये, म्हातारी बोलते."

"आवाज माझा हाय."

अंकितानं बरंच समजावलं. खोटं बोलल्याचा काही परिणामच झाला नाही तर खेळणाऱ्याला काय वाटणार? ठमाबाईनं ऐकून घेतलं. "शिक्षा करू दे की. मी बोल लावीन, आत घेणार नाय, रातभर ओटीवर बसवीन. पण पाणी देईन."

अंकितानं नागसेनला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, "सीन मरेल गं. म्हातारी कडक हवी."

ठमाबाईनं फोन हातात घेतला. "जेवलात का तुम्ही?"

"नाही अजून."

"तीन वाजले." मग ती म्हणाली, "माझ्या दुकानात बसून लोक बायकोला फोनवर सांगतात, हापिसात हाय. हातात माझंच ताक. म्हणून काय ताक काढून घेऊ? देते. पण असं बघते, का ते ताक घशाखाली उतरत नाय."

नागसेन हसला नाही. म्हणाला, "मावशी, तुम्हाला वाटतं तसं बोला. मी बाकीचं बदलतो."

अंकितानं माइक सरळ केला आणि समोर उभी राहिली. ठमाबाईनं तिच्याकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "पाणी पी. सगळं पी. मग मला सांग, खोटं कुणाशी बोललीस ते."

अंकिताची मान खाली गेली. दहावीत असताना कॉम्प्युटरच्या क्लासला जाते सांगून ती मैत्रिणींबरोबर महाडात दिवसभर हिंडली होती. रेकॉर्डिंग थांबवून तिनं विचारलं, "आये, तुला तेव्हा कळलं होतं?"

"तवाच."

गेम दिवाळीच्या सुमारास आला. अंकिता सगळं सामान घेऊन घरी आली आणि दुपारी टीव्हीला जोडलं. कंट्रोलर हैबतीनं घेतला. त्यानं राहीला आधी करवंदीच्या जाळीत घातलं, मग ओढ्यात. "अगो तिकडं नको," असं तो तिलाच ओरडत होता. कसाबसा तो म्हातारीच्या दारापर्यंत पोचला. म्हातारीचा चेहरा ठमाबाईसारखा नव्हता. नाक लांब, अंगानं किडकिडीत. पण तिनं तोंड उघडलं आणि हैबतीनं कंट्रोलर मांडीवर ठेवला.

मग त्यानं खोटं बोलायचं निवडलं. पाणी मिळालं, बोलणी बसली. तो मागे गेला आणि पुन्हा खोटं बोलला. मग तिसऱ्यांदा.

"बाबा, पुढे जा ना."

"थांब गो. लग्न झाल्यापासून हिला एवढी एका दमात बोलताना ऐकली नाय मी."

ठमाबाई चुलीपासून उठून आली. "पोरीला खोटं बोलाया लावता होय? खरं सांगा."

खरं सांगितल्यावर म्हातारीनं राहीला आत घेतलं, चुलीजवळ बसवलं. हैबती तिला उठवून पुढे न्यायला निघाला.

"बसू द्या तिला जरा," ठमाबाई म्हणाली. "दमलीय ती."

त्यानं हात थांबवला. पडद्यावर जाळ हलत राहिला. थोड्या वेळानं म्हातारी आपणहून म्हणाली, "टाचेला काय झालं गो? बघू."

ठमाबाईनं अंकिताकडे पाहिलं. "हे कागदात नव्हतं."

"नव्हतं. त्या दिवशी माझी टाच बघून म्हणालीस तू. माइक चालू होता." अंकिता जराशी लाजली. "राही उठलीच नाही, तर म्हातारी असं बोलत बसते. नऊ वाक्यं घातलीत मी. बहुतेक लोकांना ती कळणारही नाहीत, कारण कुणी एवढं थांबत नाही."

तिघं थांबली. दुकानात त्या वेळी कुणी नव्हतं. मधेच एखादं वाक्य येई. केस केवढे गळलेत तुझे. भात खा, नुसती भाजी नको. मग बराच वेळ काही नाही, आणि मग, "बाप येतोय गो तुझा. जरा दम धर."

"हे मी कधी म्हटलं?"

"बाबा दुकानातून हाका मारत घरी येत होते तेव्हा."

हैबती टीव्हीकडे बघत राहिला. घरात सगळ्यात मोठा आवाज त्याचा, पण आता त्यानं हळूच विचारलं, "मग येतो का हिचा बाप?"

"ते तुम्ही कसं खेळाल त्यावर आहे, बाबा."

त्यानं कंट्रोलर उचलला आणि पुढे सरसावून बसला. ठमाबाईनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"अजून पाच वाक्यं राहिलीत," ती म्हणाली. "ती होऊ द्या, मग न्या तिला."