तिघांची एकच गोळी

एरंडोलच्या नथ्थू मास्तरच्या बँडमध्ये झिपरू बिऱ्हाडे ट्रंपेट वाजवायचा. मिसरूड फुटल्यापासून हेच काम. डीजेवाले आले, अर्ध्याअधिक वराती त्यांनी ओढून नेल्या, तरी हळदीला जुनी माणसं अजून नथ्थूचा बँड सांगायची आणि सांगताना विचारायची, झिपरू येईल ना?

तर अशा माणसाचा एका लग्नसराईत दमच भरेनासा झाला. छाती फुलायची, खांदे वर व्हायचे, पण हवा जिथे पोचायला हवी तिथे पोचायची नाही. गाणं वरच्या पट्टीत चढलं की तो ट्रंपेट तोंडापासून काढायचा आणि ढोलवाल्याकडे बघत राहायचा. पुढे पुढे तर घरी नुसता खाटेवर बसलेला असतानाही लांब उसासे टाकायचा. पहाटे कोंबड्याच्या आधी उठून दारात बसायचा. नाशिकला कंपनीत असलेल्या मुलाचा, प्रशीलचा, फोन आला की बायकोच्या हातात देऊन टाकायचा.

बायको नर्मदाबाई अंगणवाडीत मदतनीस होती. बसून राहणारी बाई नव्हे. तिने त्याला आधी गावातल्या डॉक्टरला दाखवलं, मग जळगावच्या छातीच्या डॉक्टरकडे नेलं. छातीचा फोटो काढला, हृदयाची पट्टी काढली, नळीत फुंकायला लावलं. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुस तर तरण्या पोराचं आहे, भाऊ. तुम्ही धुळ्याला जा," आणि एक नाव सांगितलं.

धुळ्याच्या दवाखान्याची पाटी नर्मदाबाईने वाचली आणि झिपरूला घाईघाईने आत ढकललं. पण तो काही अडाणी नव्हता.

"मानसोपचार? मी काय येडा शे का?"

"दमना डॉक्टरनी धाडेल शे. बस गुपचूप."

बाकावर आधीच दोघी होत्या. एक साक्रीकडच्या डोंगरातली म्हातारी, सुंदरबाई. तिच्यासोबत सून आली होती. नर्मदाबाईने विचारायचा अवकाश, सुंदरबाईने सगळं सांगून टाकलं. "डोकामा मुंग्या चालतस, माय. आन् छातीमा चुल्हा पेटेल शे. बठ्ठा भगत-देवरुषी व्हई गयात, काही फरक नही."

दुसरी मोहिनी. तिशीची, धुळ्याच्याच बँकेत अधिकारी, एकटीच आलेली. नर्मदाबाईने तिलाही सोडलं नाही.

"माझं काही दुखत नाही, मावशी," मोहिनी म्हणाली. "रडू येतं. कशातच मन लागत नाही. बँकेच्या जिन्याखाली उभी राहते आणि वर जायला पाय निघत नाही."

झिपरूने मनात म्हटलं, दुखत नाही तर दवाखान्यात काय करतेस बाई? शिकलेल्या लोकांना उदास व्हायला वेळ असतो. त्याच्या चेहऱ्यावर ते उमटलं असावं, कारण मोहिनी त्याच्याकडे वळून म्हणाली, "तुमचं बरं आहे, भाऊ. दम लागतो म्हटलं की घरची माणसं हात धरून आणतात. मी घरी सांगितलं, तर म्हणतात, तुला कमी काय आहे?"



डॉक्टरांचं नाव हितेंद्र चौधरी. पन्नाशीचे, बोलायला संथ. त्यांनी छातीला नळी लावली, नीट ऐकलं, मग विचारायला सुरुवात केली.

"उदास वाटतं का?"

"नही."

"रडू येतं?"

"बाप्या माणूस रडस का, साहेब?"

"झोप?"

"पहाटना उठी जास."

"ट्रंपेट वाजवताना पूर्वीसारखी मजा येते?"

"वाजाडाले मजा कोठे लागस? दम लागस."

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. म्हणाले, गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, मध्ये सोडू नका. खालच्या मेडिकलवर तिघंही पुढेमागे उभे होते. दुकानदाराने सुंदरबाईच्या सुनेसमोर एक नारिंगी पाकीट ठेवलं. मोहिनीसमोर तसंच ठेवलं. आणि झिपरूसमोरही तेच सरकवलं.

परतीच्या एसटीने पारोळा सोडल्यावर त्याचं तोंड उघडलं. आग म्हातारीला, रडू त्या बाईला, दम मला, आणि गोळी एकच? असं कुठे असतं का? बैलाला आणि बकरीला एकच औषध पाजणारा हा डॉक्टर. एक माल भरून ठेवलाय आणि येईल त्याच्या गळ्यात मारतोय. नर्मदाबाईने दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा खिडकीकडे तोंड केलं. घरी आल्यावर तो रोज तिच्यासमोर गोळी जिभेवर ठेवायचा आणि ती चुलीकडे वळली की थुंकून परसात टाकायचा.

मग पारोळ्याची वरात आली. नथ्थू मास्तर नको म्हणत होता, झिपरूच हट्टाने गेला. नवरदेव घोड्यावर, पोरं रंगात आलेली, आणि गाण्याच्या ऐन मध्यात झिपरूने ट्रंपेट खाली घेतला. बाजूला एका बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. बँड पुढे गेला. नवरदेवाचा मामा परत आला आणि चारचौघांत त्याला नको नको ते बोलला. झिपरू ऐकत राहिला. बोलणं ऐकू येत होतं, पण लागत नव्हतं. एवढ्या वर्षांत त्याला असं कुणी बोललं नव्हतं. लाज वाटायला हवी होती, राग यायला हवा होता. काहीच आलं नाही. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा भीती वाटली ती याची.

घरी येऊन त्याने बायकोला दोन गोष्टी सांगितल्या. एक, गोळ्या पोटात गेल्याच नाहीत. दुसरी, येताना मळ्यातल्या विहिरीपाशी तो बराच वेळ उभा होता.

नर्मदाबाईने आदळआपट केली नाही. त्याचा हात धरून बसली. सकाळी अंगणवाडीत निरोप दिला आणि पहिल्या एसटीने त्याला घेऊन धुळ्याला निघाली.

झिपरू मात्र भांडायचं ठरवूनच डॉक्टरांसमोर बसला. "साहेब, एक सांगा. तिघांना एकच गोळी कशी? मी गरीब शे, पण येडा नही."

डॉक्टर हसले नाहीत. नर्मदाबाईने विहिरीचं सांगितलं, तसं त्यांनी आधी तेच विचारलं. कधी, किती वेळ, पुन्हा तसं मनात आलं का, हे सगळं सरळ विचारलं, आणि झिपरूनेही सरळ सांगितलं. नर्मदाबाईला म्हणाले, काही दिवस यांना एकटं सोडू नका, प्रशीलला बोलावून घ्या, आणि माझा हा नंबर, केव्हाही फोन करा. मग पेन खाली ठेवून खुर्ची पुढे ओढली.

"मी रावेरचा. केळीवाल्यांच्या घरातला. माझी आई म्हणायची, पायांचं पाणी झालंय. आम्ही तिच्या गुडघ्यांना तेल चोळत राहिलो, आजार हाच होता हे कळलंच नाही. पुढे मी काही वर्षं इंग्लंडला नोकरी केली. तिकडचा माणूस समोर बसला की पहिल्याच वाक्यात सांगायचा, डॉक्टर, मी खचलोय. मला वाटायचं, यांचा आजारच वेगळा. पण खोदून विचारलं की निघायचं, महिनोन्महिने पोट बिघडलेलं आहे, छाती जड आहे. ते त्याला सांगण्यासारखं वाटायचं नाही. ज्याच्या घरात जे बोललं जातं, ते तो आधी बोलतो, भाऊ."

"म्हणजे मन्हा दम खोटा शे?"

"अजिबात नाही. दम खरंच भरत नाही तुमचा. आजार फुप्फुसात नाही, एवढंच. सुरुवातीला बऱ्याच जणांना मी हीच गोळी देतो. पुढे कुणाची वाढते, कुणाची बदलते. विश्वास बसत नसेल तर बाहेर सुंदरबाई बसल्यात. त्यांना मुंग्या सोडून दुसरं काही विचारा. त्या बोलल्या तर बोलतील."

झिपरू खरंच बाहेर गेला. म्हातारीच्या शेजारी बसला. काय विचारावं हे त्याला कळेना. शेवटी म्हणाला, "अक्का, घर काय चाली राहिनं?"

सुंदरबाई पायाच्या अंगठ्याकडे बघत बोलली. "बकरीनं पिलू मरी गयं, भाऊ. मी हातवर वाढाडेल व्हतं. तरी माले काहीच वाटनं नही." तिने मान वर केली. "माले काहीच कसं वाटनं नही?"

झिपरूला पारोळ्याची ती पायरी आठवली. त्याने म्हातारीला पाणी आणून दिलं आणि पुन्हा आत जाऊन डॉक्टरांना म्हणाला, "द्या गोळी. आते रोज खासू मी."

प्रशील आला, रजा होती तोवर राहिला. बापलेक रोज संध्याकाळी गावाबाहेर चालून यायचे. पहिले काही दिवस झिपरूचं तोंड कोरडं पडायचं, मळमळायचं, तेव्हा नर्मदाबाई डॉक्टरांना फोन करून मोकळी व्हायची. महिना सरता सरता तो पहाटेचा दारात दिसेनासा झाला. उसासे कमी झाले, पण गेले नाहीत. डॉक्टरांनी गोळी थोडी वाढवली.

धुळ्याला जाणं चालूच राहिलं. सुंदरबाईच्या छातीतली आग विझली. मुंग्या मात्र अधूनमधून यायच्या आणि तिची गोळी पुढे बदलली. मोहिनी एकदा आईला सोबत घेऊन आली होती. आई बाहेर बाकावर अवघडून बसली होती. झिपरू आपण होऊन तिच्याशी बोलायला गेला. म्हणाला, "माय, पोरनं काही दुखस नही, म्हनीसन तिले बरं शे असं समजू नका." त्या बाईंना त्याची बोली कितपत कळली कोण जाणे, पण आत जाताना त्यांनी पोरीची पर्स आपल्या हातात घेतली.

पुढच्या लग्नसराईत नथ्थू मास्तरने झिपरूला दुसऱ्या ओळीत उभं केलं. मुख्य ट्रंपेट आता एक तरुण पोरगा वाजवत होता. झिपरूला ते थोडं लागलं, आणि लागलं याचं त्याचं त्यालाच बरं वाटलं. कासोद्याच्या एका हळदीत तो गाणं वरच्या पट्टीपर्यंत घेऊन गेला. पूर्वीसारखं नाही, पण गेला.

घरी परतल्यावर नर्मदाबाईने विचारलं, "कसं व्हतं?"

"वरण पार खारट व्हतं," तो चिडून म्हणाला. "आन् वांगानी भाजी कच्ची. इतलं मोठं लगन, आन् आचारी असा?"

वर्ष होऊन गेलं होतं, त्याने कुठल्या जेवणाला नाव ठेवलं नव्हतं. नर्मदाबाई भांडी घासता घासता थांबली आणि आणखी ऐकायला त्याच्याकडे वळून म्हणाली, "आखो सांग. आखो काय काय कच्चं व्हतं?"