शेवटचा टचडाउन कुणी केला?

ट्रेव्हियन मोझली गवतावर पाठ टेकून पडला होता आणि मी त्याचा गुडघा दोन्ही हातांत धरून हलकेच पुढे ओढून पाहत होते. गुडघा नको तितका पुढे आला. आतला बंध तुटला होता. त्याला कळलं, मलाही कळलं. भरलेलं स्टेडियम उभं राहून बघत होतं.

"मिस व्हर्ना," तो दात आवळून म्हणाला, "आता तरी कोल्बीला बॉल देतील का हो?"

"तू तुझ्या पायाचं बघ."

"पायाचं काय बघायचंय? तुमचं तोंडच सांगतंय सगळं."

ट्रेव्हियन आमच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा पहिला रनिंग बॅक. बॉल पोटाशी धरायचा आणि समोरच्या माणसांच्या भिंतीतून वाट काढत पळत सुटायचं, हे त्याचं काम. पोरगा ह्यूस्टनचा, आणि पळायला लागला की बघणाऱ्याच्या घशात घास अडकायचा. त्याला गाडीवर घालून आत नेलं, तेव्हा त्याच्याच जागेवर खेळणारा कोल्बी लिंडक्विस्ट हेल्मेट चढवून कोचच्या शेजारी उभा होता. कोच रडिगरांनी त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि पहिल्या वर्षाच्या एका नवख्या पोराला आत पाठवलं. कोल्बी तसाच उभा राहिला. त्याने हेल्मेट काढलंही नाही.

कोल्बी गोरा होता. भानगड सगळी तेवढीच. बॉल घेऊन पळायचं काम काळ्या पोरांचं, असं इथे सगळे धरूनच चालतात.

मी गेली वीसेक वर्षं कॅन्ससमधल्या या गावात खेळाडूंचे घोटे बांधते, गुडघे शेकते, फुटलेल्या भुवया साफ करते. मी अर्कान्सासची, काळ्या घरातली. या देशात गोऱ्या पोराचं तोंड बघून बंद होणारं दार मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते, आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला थोडी मजाच वाटली. म्हटलं, बसू दे जरा बाहेर, कळू दे कसं वाटतं ते. मग एक दिवस मला माझा भाऊ आठवला. शाळेत त्याच्याइतका लांब आणि नेमका बॉल फेकणारा दुसरा कुणी नव्हता. पण बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला डोकं लागतं म्हणे, आणि तू तर पळण्यात हुशार, असं म्हणून त्याला बाजूला काढला होता. माझ्या आईने ते शेवटपर्यंत मनात ठेवलं. त्यानंतर मला कोल्बीची मजा वाटेनाशी झाली.

कोल्बी आला तो गव्हाच्या पट्ट्यातल्या एका टिचभर गावातून. त्याचे वडील ग्लेन तिथल्या खडीच्या रस्त्यांवर सपाटीकरणाचं यंत्र चालवतात. शाळेत या पोराने इतकं पळून दाखवलं होतं की आसपासच्या गावांतले लोक शुक्रवारी जेवणं लवकर उरकून सामन्याला यायचे. पण मोठ्या विद्यापीठांचे कोच आले, त्यांनी त्याला वरून खाली पाहिलं आणि प्रत्येकाने एकच सांगितलं. बचावात ये, लाइनबॅकर हो, समोरच्याला पाडायचं काम कर. नाहीतर पुढे राहून दुसऱ्या पळणाऱ्याची वाट मोकळी करून दे. रडिगरांनी तर त्यासाठी शिष्यवृत्तीही देऊ केली होती. त्याने ती घेतली नाही. बिनशिष्यवृत्तीचा आला, चार वर्षं राहिला, आणि दर वसंतात जागा बदलतोस का म्हणून विचारलं की नाही म्हणायचा.

पोरं घोटे बांधून घ्यायला टेबलावर बसली की खरं बोलतात. एकदा कोल्बी आणि ट्रेव्हियन शेजारी शेजारी बसले होते.

"कोच म्हणाले, तू मेहनती आहेस, डोकेबाज आहेस," कोल्बी सांगत होता. "चार वर्षं तेच ऐकतोय. एकदा तरी कुणी वेगवान म्हणावं रे."

"आणि मला एकदा तरी कुणी डोकेबाज म्हणावं," ट्रेव्हियन म्हणाला. "देवाची देणगी आहे म्हणतात. म्हणजे पहाटे उठून सरावाच्या त्या टेकड्या देवच चढतो जसा काही."

"बदलायचं का मग?"

"तू आधी थोडं ऊन खा. रंग चढला की कोच बॉल देतील."

दोघं इतके हसले की माझी पट्टी वाकडी बसली. ती काढून मला पहिल्यापासून बांधावी लागली.

मग चार वर्षं कोल्बी करायचा काय? तर सोंगं घ्यायचा. येत्या शनिवारी ज्यांच्याशी सामना, त्यांच्या सगळ्यात चांगल्या पळणाऱ्याची नक्कल सरावात कुणीतरी करावी लागते, म्हणजे आमच्या बचावाला त्याची सवय होते. ते काम कोल्बीचं. त्याच खेळाडूचा आकडा अंगावर घालायचा, त्याच्यासारखं उभं राहायचं, त्याच्यासारखं वळायचं. आणि पोरगा नकलेत असा पटाईत की बचावातली पोरं त्याला त्या त्या खेळाडूच्या नावानेच हाक मारायची. स्वतःसारखं पळायची वेळ तेवढी त्याच्यावर कधी आली नव्हती.

या आठवड्यात तो ट्रेडवेल झाला होता. रेड फोर्क विद्यापीठाचा जमार ट्रेडवेल. त्याची एक लकब आहे. खेळ सुरू व्हायच्या आधी तो बोटांची टोकं गवताला लावतो आणि मांडीला पुसतो. मग बॉल हातात आला की एक पाऊल उजवीकडे टाकतो, क्षणभर थबकतो आणि सपकन डावीकडे घुसतो. आठवडाभर मी सरावाच्या कडेला उभी राहून कोल्बीला हे करताना पाहत होते. गवताला बोटं, मांडीला बोटं, उजवीकडे, थबक, डावीकडे.

आता शनिवार होता, समोर खरा ट्रेडवेल होता, आमच्या मैदानावरचा कोल्बीचा हा शेवटचा सामना होता, आणि कोच त्याच्याकडे बघत नव्हते.

नवख्या पोराच्या हातून बॉल निसटला. पुढच्या खेपेला पुन्हा निसटला. रडिगर थुंकले, टोपी काढून परत घातली आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "लिंडक्विस्ट."

तो आत गेला तसा रेड फोर्कचा एक धिप्पाड गडी हात हलवून आपल्या लोकांना ओरडला, "गोरा आला रे, हे बॉल फेकणार. मागे सरा, मागे सरा." गोरा रनिंग बॅक आत आला म्हणजे तो क्वार्टरबॅकला सांभाळायला आला, बॉल त्याला मिळणार नाही, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. आमचे स्वतःचे कोच चार वर्षं जे धरून चालले होते तेच त्यांनी धरलं, त्यांना तरी काय बोल लावायचा.

बॉल कोल्बीला मिळाला. तो मधून घुसला आणि ते मागे सरलेले असल्यामुळे बराच आत गेला, तेव्हा कुठे त्याला पाडलं. पुन्हा मिळाला, पुन्हा गेला. स्टेडियममध्ये एक कुजबुज उठली. मी देवाचं नाव घेतलं आणि त्याला म्हटलं, या पोराला आज तेवढं एक दे.

तिसऱ्या खेपेला त्या धिप्पाड गड्याने त्याला गाठलं. हेल्मेटवर हेल्मेट आपटल्याचा आवाज मला कडेला ऐकू आला. कोल्बी पडला आणि लगेच उठला. फार लगेच उठला. ज्याला काही झालेलं नसतं तो माणूस जरा निवांत उठतो. मी दोन पावलं आत गेले, पंचांना हात केला, पण त्यांची पाठ माझ्याकडे होती आणि पोरं पुन्हा रांगेत उभी राहिली होती.

कोल्बी आपल्या जागेवर वाकला. त्याने बोटांची टोकं गवताला लावली आणि मांडीला पुसली.

मी ओरडले, पण बॉल निघाला होता.

आमचा डाव उजवीकडचा होता. आमची सगळी माणसं वाट काढायला उजवीकडे धावली, म्हणून त्यांचीही सगळी तिकडेच धावली. कोल्बीने बॉल घेतला, एक पाऊल उजवीकडे टाकलं, थबकला आणि सपकन डावीकडे घुसला. डावीकडे कुणीच नव्हतं, ना आमचं ना त्यांचं. मोकळ्या गवतावरून तो एकटा पळत सुटला. मागून त्यांचा सगळ्यात वेगवान माणूस लागला, आणि त्याला तो गाठता आला नाही. अंतर वाढत गेलं. त्या दिवशी कुणीही त्याला मेहनती म्हटलं नसतं. मी इतक्या वर्षांत पुष्कळ पळणारे पाहिलेत, ट्रेव्हियन धरून, पण असं सुंदर पळणं मी फार थोड्या वेळा पाहिलंय, आणि ते बघताना मला रडू येत होतं, कारण पळणारा पोरगा भानावर नाही हे त्या अख्ख्या स्टेडियममध्ये मला एकटीला माहीत होतं.

शेवटच्या रेषेपलीकडे बॉल. टचडाउन. लोक बाकांवर चढले. पोरं त्याच्या हेल्मेटवर थापा मारायला लागली तेव्हा मी त्यांच्यात घुसले आणि डोक्याला हात लावू नका म्हणून एकेकाला ढकललं. त्याला बाकावर बसवलं. तो छान हसत होता.

"कोल्बी, बाळा, हे मैदान कुठलं?"

त्याने बरोबर सांगितलं.

"गेल्या आठवड्यात कुणाशी खेळलो?"

तेही जरा थांबून बरोबर सांगितलं. मग मी नेहमीचा तिसरा प्रश्न विचारला. शेवटचा टचडाउन कुणी केला?

त्याच्या कपाळाला एक बारीक आठी पडली.

"ट्रेडवेलनं," तो म्हणाला.

आमच्या कामात एक पद्धत आहे. पोराच्या डोक्याला मार लागला की त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याचं हेल्मेट काढून घ्यायचं आणि सामना संपेपर्यंत हातातून सोडायचं नाही. हेल्मेट नसलं तर तो चोरून आत जाऊ शकत नाही, आणि संधी मिळाली तर सगळेच जातात. मी त्याच्या मांडीवरचं हेल्मेट उचललं. तेव्हा मात्र त्याला सगळं कळलं. त्याने दोन्ही हातांनी हेल्मेटची पुढची जाळी धरली.

"मिस व्हर्ना, आज नको," तो म्हणाला. "दुसऱ्या कुठल्याही दिवशी घ्या. पाया पडतो तुमच्या, आज नको."

"सोड, बाळा."

"चार वर्षं थांबलोय हो मी."

मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. त्याच्या अंगात बैलाची ताकद आहे, त्याने ठरवलं असतं तर मला ते जमलं नसतं. सगळं स्टेडियम त्याच्या नावाचा घोष करत होतं आणि रडिगर माझ्या समोर येऊन उभे राहिले होते.

"पोरगा चालतोय, हसतोय. काय झालंय त्याला?"

"त्याला विचारा, शेवटचा टचडाउन कुणी केला."

रडिगर वाकले. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्याच्याशी मऊ बोलले असतील. "कोल्बी, बेटा, शेवटचा टचडाउन कुणी केला?"

कोल्बीने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वर त्याचं नाव घेणाऱ्या लोकांकडे पाहिलं. पोरगा डोकेबाज खराच.

"मी?" तो म्हणाला.

"आठवलं त्याला," रडिगर म्हणाले.

"आठवलं नाही, कोच. तो तुम्हाला विचारतोय."

रडिगरांनी माझ्या हातातल्या हेल्मेटकडे पाहिलं. मग त्यांनी नवख्या पोराला हाक मारली. आम्ही थोडक्यात हरलो. बाहेर पडताना प्रेक्षकांच्या कठड्यावरून ओणवून एका बाईने मला जे सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टरांनी कोल्बीचे डोळे तपासले आणि डोक्याचे फोटो काढायला इस्पितळात न्या म्हणाले. गाडी येईपर्यंत मी त्याला घोटे बांधायच्या खोलीत दिवे मालवून झोपवलं. उजेड नको, फोन नको, ते पळणं पडद्यावर बघायचं तर नावच नको. त्याचे वडील ग्लेन टोपी हातात घेऊन त्याच्या पायाशी बसले होते. ते एकच वाक्य बोलले, माझ्याशी. तुम्ही बरोबर केलंत, म्हणाले, आणि मान दुसरीकडे वळवली. मला वाटतं ते त्यांना बोलवत नव्हतं, तरी बोलले.

कुबड्या खटखटवत ट्रेव्हियन आत आला आणि शेजारच्या टेबलावर चढून बसला.

"ट्रेव्ह," अंधारातून कोल्बीने विचारलं, "मला बॉल दिला का रे त्यांनी?"

ट्रेव्हियनने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली.

"दिला की. ऐक." आणि त्याने सगळं सांगितलं. मागे सरा म्हणणारा तो गडी, मधून घुसणं, मोकळी डावी बाजू, मागून येणारा माणूस आणि वाढत जाणारं अंतर. "वेगवान होतास लेका. माझ्यापेक्षा जरा कमी, पण वेगवान."

कोल्बी हसला. डोळे मिटून पडून राहिला. ग्लेन टोपीची कड बोटांनी फिरवत बसले होते. बाहेर लोकांच्या गाड्या निघत होत्या.

"ट्रेव्ह."

"काय रे?"

"मला बॉल दिला का रे त्यांनी?"

ग्लेननी चेहरा टोपीत घातला. मी उठले, घड्याळ पाहिलं, गाडी कुठवर आली ते विचारायला दाराकडे निघाले. मागे ट्रेव्हियनने दुखरा पाय हातांनी उचलून नीट ठेवला आणि जरासुद्धा घाई न करता म्हणाला, "दिला की. ऐक."